टॅटू शिकायचाय, पण कोणी नीट सांगत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या स्टुडिओच्या इनबॉक्समध्ये दर एका 'टॅटूचा रेट काय?' मागे दोन 'मला शिकायचंय' असतात. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसणं जमत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न एका जागी घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत. इतर आर्टिस्टना ती पटतीलच असं नाही. एकदोघांनी तर 'एवढं सगळं कशाला सांगतेस' असंही ऐकवून झालंय.

पाच-सहा स्टुडिओंना मेसेज केले. कोणी उत्तर देत नाही, दिलं तर 'कोर्स लावा' एवढंच. एवढं काय लपवायचंय?

लपवण्यासारखं फार थोडं आहे. जे सहज मिळत नाही ते म्हणजे अनुभवी माणसाचा वेळ. शिकणाऱ्याशेजारी बसून त्याच्या हाताकडे बघायचं, तर तेवढा वेळ स्वतःची खुर्ची रिकामी ठेवावी लागते, आणि जागेचं भाडं काही थांबत नाही.

त्यात धंद्याची भीती आहेच. शिकवलेला मुलगा वर्षभरात दोन गल्ल्या सोडून निम्म्या दरात बोर्ड लावतो, जाताना कस्टमरचे नंबरही घेऊन जातो. आमच्या लाइनीत प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा असतो. मग माणूस शिकवतो, पण हातचं राखून. रेषा मारायला शिकवेल, शेडिंगच्या वेळी नेमका चहा आणायला पाठवेल.

आणखी एक कारण आहे, ते कोणी कबूल करत नाही. अनेकांना स्वतःचं काम का जमतं हे सांगताच येत नाही. 'किती खोल जायचं?' या प्रश्नाला 'अंदाजाने' असं उत्तर मिळालं, तर समोरचा दर वेळी लबाडी करतोय असं समजू नका. त्याच्या हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही.

राहता राहिली ती रास्त काळजी. हे रक्ताचं काम आहे. अर्धवट सांगितलं आणि त्या माणसाने घरी जाऊन कोणाच्या तरी हातावर ते वापरलं, तर त्यातला थोडा दोष सांगणाऱ्याकडेही येतो.

ही लपवाछपवी आपल्याकडचीच, की सगळीकडे असंच?

सगळीकडे, आणि पूर्वी याहून जास्त. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीने १८९१ साली विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. त्याचं मूळ एडिसनच्या १८७६च्या इलेक्ट्रिक पेनमध्ये होतं. म्हणजे ते मशीन पहिल्यापासून कोणाच्या तरी नावावर होतं. पुढे चार्ली वॅग्नर (१९०४) आणि डेट्रॉइटचा पर्सी वॉटर्स (१९२९) यांनी आपापली पेटंटं घेतली. वॉटर्स तर मशीन आणि सामान पोस्टाने विकायचा. वस्तू पोस्टाने मिळू लागली, तरी सुया पट्टीला कशा जोडायच्या, रंग कशात कालवायचा हे ज्याचं त्याच्यापाशीच राही.

कायद्यानेही दारं बंद केली. हेपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीचं कारण देऊन न्यूयॉर्क शहराने १९६१ साली टॅटूवर बंदी घातली, ती १९९७ पर्यंत टिकली. जपानमध्ये मेजी सरकारने १८७२ साली बंदी आणली, ती उठली १९४८ साली. जिथे धंदाच चोरून करायचा तिथे शिकवण्याची पाटी कोण लावणार? जपानी उस्तादाकडचा शिष्य वर्षानुवर्षं त्याच्याच घरी राबायचा, साफसफाई करायचा, आणि सुई चालवायची तर आधी स्वतःच्या पायावर. बंदीची सावली तिथे अजून पुरती गेलेली नाही. टॅटू काढायला डॉक्टरचं लायसन्स लागत नाही, हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२० साली सांगावं लागलं.

पण उलटी उदाहरणंही आहेत. होनोलुलूचा नॉर्मन कॉलिन्स, ज्याला जग 'सेलर जेरी' म्हणून ओळखतं, त्याने जपानमधल्या गिफूच्या होरिहिदे या टॅटू-उस्तादाशी पत्रव्यवहार ठेवला होता. त्याच ओळखीतून अमेरिकन आर्टिस्ट एड हार्डी १९७३ साली होरिहिदेकडे शिकायला गेला. अमेरिकन टॅटू पुढे ज्या वळणावर गेला, त्यात या पत्रांचा वाटा मोठा आहे. कॉलिन्स वाटेल त्याला पत्रं लिहीत नव्हता हेही खरं. जो काम गंभीरपणे घेतो असं वाटलं, त्यालाच लिहिलं.

आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बायका कुठे शिकायच्या?

घरात. आईकडून लेकीकडे, नाहीतर सासूकडून सुनेकडे. घराबाहेरच्या कोणी शिकायचा प्रश्नच नव्हता, कारण तो पोटापाण्याचा आणि जातीचा धंदा होता. सुया, काजळी, आणि कपाळावर-हनुवटीवर ठिपके किंवा हातावर तुळशीवृंदावन. नजर आणि हात म्हणाल तर आजच्या अनेक स्टुडिओवाल्यांपेक्षा सरस. निर्जंतुकीकरण मात्र नव्हतं. नंतर जत्रेत बॅटरीवरची मशीनं आली, एकच सुई दिवसभर रांगेतल्या सगळ्यांना. त्याबद्दल हळवं होण्याचं मला काही कारण दिसत नाही.

नक्की कोणत्या गोष्टी 'सिक्रेट' म्हणून सांगत नाहीत?

सुईचा नंबर, व्होल्टेज, खोली, आणि करड्या छटांसाठी काळी शाई किती पातळ करायची याचं प्रमाण. घ्या, सांगते.

कार्ट्रिजच्या, म्हणजे सुया बसवलेल्या तयार टोकाच्या, खोक्यावर १२०७ आरएल असं लिहिलेलं असतं. १२ म्हणजे सुईची जाडी, ०.३५ मिलिमीटर. १० असेल तर ०.३०, ०८ असेल तर ०.२५. पुढचे ०७ म्हणजे सात सुया. आरएल म्हणजे गोल जुडग्यात घट्ट बांधलेल्या, रेषेसाठी. आरएस त्याच, पण जरा सैल. मॅग्नम म्हणजे दोन ओळींत पसरलेल्या, शेडिंगला आणि रंग भरायला. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, दुसऱ्या थरात बसली पाहिजे. साधारण एक ते दोन मिलिमीटर, अंगाच्या जागेप्रमाणे कमी-जास्त. वर राहिली तर कातडीबरोबर गळून जाते, कारण वरचा थर सतत बदलत असतो. फार खाली गेली तर चरबीत पसरते आणि रेषेभोवती निळसर धूर दिसतो. त्याला ब्लोआउट म्हणतात आणि तो परत आत घेता येत नाही. व्होल्टेज मशीनप्रमाणे बदलतं. रोटरीवर, म्हणजे मोटरच्या मशीनवर, बरेच जण सात-आठच्या आसपास रेषा मारतात, पण दुसऱ्याचा आकडा तुमच्या मशीनवर आणि तुमच्या हाताच्या वेगावर चालेलच असं नाही. करड्या छटांसाठी डिस्टिल्ड वॉटर घालून तीन-चार कप लावायचे. प्रमाण प्रत्येकाचं निराळं असतं आणि त्यात जादू काही नाही.

झाली सिक्रेटं. आता हे वाचून रेषा येते का बघा.

येत नाही, कारण अवघड भाग आकड्यात नाहीच. मशीनच्या हाताइतकंच काम दुसरा हात करत असतो. तो कातडी ताणून धरतो, दोन बोटं आणि तळव्याची कड अशी तीन बाजूंनी. ताण बरोबर असला की सुई कातडीवरून सरकते, सैल असला की कातडी सुईबरोबर उडते आणि रेषा करवतीसारखी येते. मनगट गोठवायचं, हालचाल कोपरातून काढायची. मशीनचा आवाज हवेत एक असतो, कातडीत शिरल्यावर जरा दबतो. तो जास्त दबला तर तुम्ही खोल गेलात. पुसायचं ते टिपून, आणि काम खालून वर न्यायचं, म्हणजे अजून न काढलेला स्टेन्सिल (कातडीवर आधी उमटवलेला डिझाईनचा ठसा) हातासरशी जात नाही. बरगडीवर माणूस श्वास सोडतो तेव्हा रेषा ओढायची. यातलं प्रत्येक वाक्य मी फुकट सांगू शकते, पण तुमची बोटं कुठे चुकतात हे शेजारी बसल्याशिवाय मला दिसणार नाही.

विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी उस्तादांकडून मिळवून स्वरलिपीत छापल्या. बंदिशी सर्वांच्या हाती आल्या, पण गाणं शिकायला अजूनही गुरूसमोर बसावं लागतं आणि घराण्यांचंही काही बुडालं नाही. आमच्या धंद्यातल्या राखणदारांनी एवढा हिशेब करायला हरकत नव्हती.

मग यूट्यूबवरून शिकता येईल का?

मशीन जोडणं, टेबल लावणं, स्टेन्सिल उमटवणं, सुयांचे प्रकार हे सगळं तिथे चांगलं मिळतं. हाताचा दाब तेवढा व्हिडिओत दिसत नाही.

बरा झालेला टॅटूही तिथे क्वचितच दिसतो. फोटो असतात ते ताजे, चकचकीत, नुकतंच पुसून काढलेले. ताजा टॅटू जवळजवळ सगळ्यांचाच छान दिसतो. खपली गळून महिना-दीड महिना गेला की खरा निकाल लागतो: कुठे रेषा तुटली, कुठे काळा रंग ठिगळासारखा बसला. ज्याच्याकडून शिकायचं त्याला बरे झालेले टॅटू दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

आपल्या सावळ्या त्वचेसाठी वेगळं काही शिकावं लागतं का?

हो, आणि परदेशी व्हिडिओंत ते कमीच असतं. कातडीचा रंग देणारं मेलॅनिन वरच्या थरात असतं, शाई त्याच्या खाली. म्हणजे शाईचा रंग आपण नेहमी त्या वरच्या रंगातूनच बघतो. गोऱ्या हातावरचा पिवळा किंवा फिका गुलाबी आपल्या हातावर मातकट दिसतो किंवा दिसतच नाही. नवशिका याला 'शाई बसली नाही' समजतो, तिथेच पुनःपुन्हा सुई फिरवतो आणि कातडी फाडून ठेवतो. सावळ्या त्वचेत जखमेचा वण फुगण्याची, म्हणजे कीलॉइडची शक्यता जास्त असते. त्यामुळे जास्त घासण्याची किंमतही जास्त. काम सुरू करण्याआधी माणसाच्या जुन्या जखमांचे वण बघा आणि विचारा.

उपाय रंगाच्या बाटलीत शोधू नका. काळा ठाम ठेवा, छटांमध्ये अंतर ठेवा, आणि उजेडासाठी पांढरी शाई न वापरता कातडी मोकळी सोडा.

देवनागरीचंही तसंच. शिवमुद्रा मनगटावर, तीही दोन इंचांत हवी, असं म्हणणारा आठवड्याला एक तरी येतो. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' यातला 'च्चं' त्या मापात कोरला तर पहिल्या दिवशी सुंदर दिसतो. शाई कातडीत वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते. आधी अनुस्वार आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या भरतात, मग उरतो तो काळा ठिपका. माप वाढवा नाहीतर मजकूर कमी करा, हे कस्टमरला सांगता येणं हाही शिकण्याचाच भाग आहे. आणि ऱ्हस्व-दीर्घ स्टेन्सिल लावण्याआधी तपासा. आफ्टरकेअरने वेलांटी बदलत नाही.

सराव कशावर करू?

आधी कागदावर. मग सिलिकॉनची फेक स्किन, केळी, लिंबू. केळ्याचं साल खोल गेलं की लगेच सांगतं, म्हणून मला ते आवडतं. फेक स्किन ताणली जात नाही, रक्त येत नाही, 'दुखतंय' म्हणत नाही, त्यामुळे तिच्यावरचं सुंदर काम बघून हुरळून जाऊ नका. त्यानंतर स्वतःची मांडी, तीही कोणीतरी जाणकार शेजारी असताना.

ऑनलाइन किट मागवून घरी मित्राच्या हातावर काढला तर? तो तयार आहे.

तो तयार असेल, पण तो कशाला तयार आहे ते त्याला माहीत नाही. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. हेपॅटायटिस सीवर लसच नाही. स्वस्त किटमधली शाई कशापासून बनली आहे याचा पत्ता नसतो.

या भागातलं काहीही कोणी तुमच्यापासून लपवत असेल, तर त्याच्याकडून बाकीचंही शिकू नका. कलेतलं राखून ठेवा, हरकत नाही. स्वच्छतेतलं राखून ठेवणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही. म्हणून हे सविस्तर.

मशीनला हात लावण्याआधी स्वतः हेपॅटायटिस बीची लस घ्या. तीन डोस: पहिला, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. टेबल जंतुनाशकाने पुसून त्यावर प्लास्टिक आवरण घालायचं. वायर, मशीन, स्प्रेची बाटली, दिव्याचं हँडल, जिथे जिथे ग्लोव्हजचा हात जाणार तिथे आवरण. शाई बाटलीतून छोट्या कपात आधीच काढून ठेवायची, उरलेली परत बाटलीत कधीही नाही. कार्ट्रिज सीलबंद आणि कस्टमरसमोर उघडायची, तारीख बघून. पुन्हा वापरायची स्टीलची ग्रिप (मशीनची मूठ) असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, हवा, १२१ अंशांवर ३० मिनिटं, पाउचवर रंग बदलणारी खूण बघून. उकळतं पाणी आणि डेटॉल म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

सगळ्यात जास्त घसरण होते ती फोनवर. मधेच फोन वाजतो, त्याच ग्लोव्हजने उचलला जातो, तोच फोन संध्याकाळी घरी बाळाच्या हातात. काम संपल्यावर सुई न भोसकणाऱ्या जाड डब्यात जाते. दवाखान्यांसाठी २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पांढऱ्या डब्याची सोय सांगितली आहे, तीच पद्धत ठेवा आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेशी बोला. घंटागाडीत सुई टाकणाऱ्याच्या स्टुडिओत मी टॅटू काढून घेणार नाही, शिकणं तर दूरच.

कोर्स लावू की एखाद्याकडे उमेदवारी करू?

कोर्सची फी काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. फी बघून दर्जा कळत नाही. शेवटी मिळणारं सर्टिफिकेट भिंतीला शोभतं. आपल्याकडे टॅटू आर्टिस्ट होण्यासाठी सरकारी परीक्षा सक्तीची नाही, त्यामुळे 'सरकारमान्य' शब्द दिसला की कोणत्या खात्याची मान्यता हे जरूर विचारा.

पैसे भरण्याआधी विचारा: खऱ्या त्वचेवर माझ्या हाताने किती टॅटू होणार? त्या वेळी शेजारी कोण बसणार, तुम्ही की तुमचा ज्युनियर? बॅचमध्ये किती जण? बिघडलेला टॅटू दुरुस्त कोण करणार? दहा दिवसांच्या कोर्समध्ये मशीनची ओळख होते. त्याला ओळखच म्हणा.

उमेदवारीत पैसे कमी जातात, वेळ जास्त. नीट माणूस भेटला तर माझं मत उमेदवारीलाच.

सहा महिने झाडू, चहा आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टच करतोय. हे शिक्षण की फुकटची मजुरी?

टेबल लावणं, ट्यूब धुणं, कस्टमरशी बोलणं ऐकणं यात खरोखर शिक्षण आहे. काम बघता बघता नजर तयार होते. पण काम चालू असताना तुम्हाला खुर्चीजवळ उभं राहू देत नसतील, विचारलेल्या प्रश्नावर 'अजून वेळ आहे' याखेरीज उत्तर नसेल, तर तुम्ही बिनपगारी शिपाई आहात. स्पष्ट विचारा: स्टेन्सिल कधी लावायला मिळेल, पहिली रेषा कधी? नक्की तारीख नसली तरी क्रम सांगता आला पाहिजे. सोडायचं ठरलं तर भांडून सोडू नका, लाइन फार छोटी आहे.

चित्रकला येत नाही. चालेल?

छोट्या तयार डिझाईनपुरतं चालेल. पुढे अडेल. रोज चित्र काढा.

कमाई कधीपासून?

पहिलं वर्षभर घरचा आधार असेल असं धरून चाला. हप्त्यावर महागडं मशीन घेऊन सुरुवात करू नका.

दुसऱ्याचा टॅटू बघून तसाच काढला तर?

तयार डिझाईन म्हणून विकलं जातं ते काढायला हरकत नाही. एखाद्याने एका माणसासाठी खास बनवलेलं जसंच्या तसं उचलणं ही चोरी. आर्टिस्ट आपलं काम दाखवायला कचरतात त्याला हेही एक कारण आहे.

मग आर्टिस्टला विचारावं तरी कसं?

'दादा, शिकवा ना' याला उत्तर येत नाही. 'मी फेक स्किनवर १२०५ने रेषा मारतोय, वळणावर ती जाड होते, हा फोटो, वेग कमी पडतोय की ताण?' याला बहुतेक वेळा येतं. असा प्रश्न आला की मीसुद्धा जेवण बाजूला ठेवून उत्तर लिहिते. काम चालू असताना फोन करू नका. एखाद्याचं काम आवडत असेल तर त्याच्याकडून स्वतःसाठी टॅटू काढून घ्या. त्या दोन-तीन तासांत पैसे देऊन खुर्चीत बसलेल्या माणसाला जेवढं सांगितलं जातं तेवढं मेसेजवर कोणी सांगत नाही.

तुम्ही शिकवता का?

एका वेळी एकालाच घेते, आणि सध्या ती जागा भरलेली आहे. टेबल कसं लावायचं आणि कसं उचलायचं हे मात्र कोणालाही दाखवते, त्याची फी नाही. आधी मेसेज करून वार ठरवा, चित्रांची वही आणा. लसीचा पहिला डोस झाला असेल तर त्याचा कागदही.